घरी सांगून जाते

कानयंत्रं विकणाऱ्या त्या दुकानाच्या मागच्या खोलीत एक बाई बसायची. तिला सगळे कानवाली म्हणायचे. गिऱ्हाइकांना तिचं नाव माहीत नव्हतं आणि तिनेही ते सांगायची कधी घाई केली नाही. कानयंत्राचा जो भाग प्रत्यक्ष कानात बसतो तो ज्याच्या त्याच्या मापाचा करावा लागतो, आणि ते तिचं काम. आधी टॉर्चने कान बघायचा. मग दोऱ्याला बांधलेला स्पंजचा बारीक तुकडा आत सरकवायचा, म्हणजे मापाचा मऊ लगदा कानाच्या पडद्यापर्यंत जात नाही. मग लगदा मळून जाड पिचकारीत भरायचा आणि हलक्या हाताने कानात सोडायचा. "आता बोलायचं नाही हं," असं ती म्हणायची आणि गिऱ्हाईक शाळेतल्या पोरासारखं गप्प बसायचं. लगदा घट्ट झाला की किंचित पिळून बाहेर ओढायचा, आणि हातात त्या माणसाच्या कानाचा आतला आकार यायचा. त्यावरून साचा, साच्यावरून कानात बसणारा भाग, ज्याला दुकानात साचाच म्हणायचे, मग घासणं आणि चकाकी. मोठमोठ्या अधिकाऱ्यांचे कान तिने आतून पाहिले होते आणि आतून सगळे सारखेच वाकडे होते.

नवीन साचा बसवला की जवळजवळ प्रत्येक जण एकच तक्रार घेऊन येतो. "अहो, माझाच आवाज मला पिंपात बोलल्यासारखा येतोय." कान गच्च बंद झाला की असंच होतं. मग ती साच्यात एक बारीक भोक पाडून द्यायची, थोडी हवा खेळायची, आवाज हलका व्हायचा आणि माणूस आभार मानून जायचा. इतक्या वर्षांत ही तक्रार न करणारा एकच माणूस तिने पाहिला, तो म्हणजे तिचे वडील. त्यांच्या साच्यात तिने आपल्याच मनाने भोक पाडलं होतं, तर ते दुसऱ्या दिवशी भडकून दुकानात आले. "बुजव ते," म्हणाले, "आवाजाचा सगळा भरदारपणा गेला!"

आता वडिलांबद्दल सांगायलाच हवं, कारण ते खोलीत असले की दुसऱ्या कुणाबद्दल सांगायची सोय नसते. ते निवेदक होते. उद्घाटनं, बक्षीस समारंभ, शोकसभा, जिथे माईक असेल तिथे ते. आवाज खरंच खणखणीत होता, खोटं कशाला बोला. पण घरातही ते माईकसमोर असल्यासारखेच बोलायचे. भाजीत मीठ कमी असेल तर तेसुद्धा शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा बेताने सांगायचे. दुसरं कुणी बोलायला लागलं की यंत्राचं बटण बंद. कुणी विचारलं तर म्हणायचे, "बॅटरी वाचवतोय." अशी फुशारकी मारणारा माणूस लांबूनच ओळखू येतो, त्यामुळे त्याचं फारसं भय नसतं. कानवालीला कळायला लागल्यापासून ठाऊक होतं की आपले वडील स्वतःवर बेहद्द खूश आहेत. घरात तेवढे एकच तसे, बाकीचे आपल्यासारखे सोसणारे, असा तिचा हिशेब होता आणि तो चाळिशी उलटेपर्यंत टिकला. बाहेर ती कानवाली असली तरी घरी अजून छोटीच होती.

एका सोमवारी सकाळी ती उठली तेव्हा डाव्या कानात कापूस कोंबल्यासारखं वाटत होतं. आत फ्रीज चालू असल्यासारखी घरघर. सर्दी असेल म्हणून तिने चहा केला, आईला गरम पाणी दिलं, वडिलांचा सदरा इस्त्री केला आणि कामावर आली. दुकानात फोन वाजला, तिने सवयीने डाव्या कानाला लावला. पलीकडे कुणी नव्हतं. तिने तो उजव्या कानाला लावला, तर पलीकडे एक गृहस्थ केव्हाचे ओरडत होते.

तिने ड्रॉवरमधून नादकाटा, म्हणजे ट्यूनिंग फोर्क, काढला. गुडघ्यावर आपटून त्याचा दांडा कपाळाच्या मधोमध टेकवला. कानात मळ किंवा सर्दी असेल तर नाद बंद कानात जास्त घुमतो आणि आतली शीर दुखावली असेल तर चांगल्या कानाकडे पळतो, हे ती नव्या पोरींना शिकवायची. नाद उजवीकडे गेला. तिने पुन्हा आपटला, पुन्हा टेकवला. उजवीकडेच. घाबरायला हवं होतं असं तिला वाटलं, पण घाबरायचं कसं ते आठवेना. तिने काटा पुसला आणि जागेवर ठेवला.

दुकानाच्या मालकीण मॅडम स्वतः कानाच्या तज्ज्ञ. जिभेने फटकळ, पण माणूस सरळ. त्यांनी तिला आवाज न येणाऱ्या काचेच्या खोलीत बसवलं आणि तपासलं. उजव्या कानात बारीकशी टिकटिक आली तरी तिचं बोट बटणावर जात होतं. डाव्या कानाची पाळी आली तेव्हा बोट तसंच राहिलं. मॅडमनी काचेपलीकडून आवाज वाढवत नेला. शेवटी हेडफोन काढून घेतले.

"उठ. आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात जा. औषध आज सुरू झालं तर ऐकू येण्याची आशा आहे. दिवस गेले की आशा गेली. हे मी तुला काय सांगायचं? तूच सांगतेस लोकांना."

"हो, मॅडम. घरी सांगून जाते."

"फोनवर सांग."

"फोनवर नको. आई घाबरते."

मॅडमनी डोक्याला हात लावला. पण बाहेर गिऱ्हाइकं बसली होती, त्या तिकडे वळल्या.

इथे कुणीही म्हणेल, बाई गं, कानाचं काम करण्यात तुझा जन्म गेला, दवाखाना चौकाच्या डाव्या बाजूला, घर उजव्या बाजूला, डावीकडे वळ की! ती उजवीकडे वळली. त्या घरात दुखण्याला आधी परवानगी लागायची. आपलं काही दुखतंय हे आधी सगळ्यांना सांगायचं, मग कुणाचं काय जास्त दुखतंय ते ऐकून घ्यायचं, आणि त्यातून काही उरलंच तर औषध घ्यायचं. बाहेरच्या माणसाला हा शुद्ध वेडेपणा वाटेल. तिला तो जेवायच्या आधी हात धुण्याइतका साधा वाटत होता.

पुढच्या खोलीत वडील आरशासमोर भाषण घोकत होते. रविवारी त्यांचा सत्कार होता. दादाने, म्हणजे तिच्या मोठ्या भावाने, त्याच हॉलमध्ये फुकट कान तपासणीचं शिबिरही ठेवलं होतं.

"बाबा, मला डाव्या कानाने ऐकू येत नाहीये."

वडिलांनी कानातलं यंत्र चाचपलं. "हे शिट्टी मारतंय बघ. साचा सैल झालाय. रविवारच्या आत नवा हवा."

"बाबा, माझा कान..."

"अगं, माझे दोन्ही गेलेत! तरी उभा आहे ना? बरं, हे सांग. 'मित्रहो' म्हणून थांबायचं, की थांबून मग 'मित्रहो' म्हणायचं?"

तिने विचार केला. गंमत म्हणजे खरंच विचार केला. "म्हणून थांबा," ती म्हणाली आणि आत गेली.

आई पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. आई म्हणजे वडिलांच्या आवाजाखाली दबून गेलेलं माणूस, असं सगळ्या नात्यागोत्यात बोललं जायचं. कानवालीच्या मनात तर आईची मूर्तीच होती. आईने सोसलं, आईने कधी मागितलं नाही, आईला फक्त छोटी होती. मागे एका चष्म्याच्या दुकानदाराशी तिचं लग्न जवळजवळ ठरलं होतं. आई तेव्हाही काही बोलली नाही, फक्त तिच्या छातीत धडधडायला लागलं. डॉक्टरांना काही सापडलं नाही. चष्मेवाल्याने वाट पाहिली, मग पाहणं सोडलं, आणि धडधड थांबली. दोन्हींचा संबंध छोटीने कधी लावला नव्हता.

"आई, माझा डावा कान गेल्यासारखा वाटतोय. मॅडम म्हणतात आजच दवाखान्यात जा."

आईने उसासा टाकला. "तुझाही? मला तर वर्षं झाली कानात शिट्ट्या वाजतात. मी कधी बोलले का कुणाला? माझं काय, मी आहे तशी आहे."

"मग तूही दाखव ना, आई."

"मला कोण नेतंय! तू जा, बाई. खरंच जा. मी पडून राहीन. जास्तच झालं तर शेजारी हाक मारीन, तेवढा आवाज निघाला तर." आणि तिने डोळे मिटले.

आई दोनदा जा म्हणाली होती. कानवालीने पिशवी खुंटीला अडकवली आणि आईच्या तळपायांना तेल लावायला बसली.

तेवढ्यात दादा आला. दादा सगळ्यांचाच दादा होता. कुणाला रक्त हवं असो, कुणाला शाळेत प्रवेश, दादा धावून जायचा, आणि दादाच्या मागे एक फोटो काढणारा धावायचा. त्याच्याबद्दल वाईट बोलायची कुणाची छाती नव्हती. ज्याने इतक्यांचं भलं केलं त्याला नावं ठेवणार कोण? कान गेल्याचं ऐकून त्याचे डोळे खरोखर भरून आले. ते अश्रू खोटे नव्हते, हे इथेच सांगून ठेवतो.

"मी असताना माझी बहीण रांगेत उभी राहणार? अजिबात नाही. कानाच्या सगळ्यात मोठ्या डॉक्टरांना मी ओळखतो." तो फोन घेऊन गॅलरीत गेला. बराच वेळ बोलला, हातवारे केले, हसला. परत येऊन म्हणाला, "झालं काम. रविवारी शिबिराला ते स्वतः येताहेत. पहिला नंबर तुझा."

"दादा, मॅडम म्हणाल्या आजच जायला हवं."

दादाचा चेहरा पडला. कुणी घास काढून घ्यावा तसा. "म्हणजे त्या दुकानदारीणबाईवर विश्वास आहे, माझ्यावर नाही? एवढ्या मोठ्या माणसाकडे मी तुझ्यासाठी शब्द टाकला. आता त्यांना काय सांगू?"

"तसं नाही, दादा."

"मग झालं तर."

आणि खरंच झालं तिथेच. मंगळवारी मॅडमनी विचारलं, "काय म्हणाले दवाखान्यात?" कानवाली म्हणाली, "गोळ्या दिल्यात." हे खोटं तिच्या तोंडून इतकं सहज निघालं की तिलाच नवल वाटलं. घरच्यांबद्दल बाहेर वाईट बोललं जाऊ नये म्हणून ती आयुष्यभर अशीच किरकोळ खोटं बोलत आली होती, आणि हेही तिला तसंच किरकोळ वाटलं.

आठवडाभर ती काम करत राहिली. डावीकडून कुणी हाक मारली तर कळायचं नाही, रस्ता ओलांडताना गाडी कुठून येतेय ते कळायचं नाही. वडिलांच्या कानाचं माप घेताना तर नेहमीचाच घोळ झाला. पिचकारी कानात असताना जबडा हलवायचा नसतो आणि वडिलांचा जबडा थांबत नव्हता. पहिलं माप "मित्रहो"मध्ये गेलं, दुसरं आठवणींमध्ये गेलं. तिसऱ्या वेळी तिने त्यांच्या हनुवटीखाली हात धरून ठेवला. साचा सुरेख झाला. तिचा स्वतःचा कान त्या दिवसांत मरत होता आणि ती ते जाणून होती. पण हे सगळं काचेच्या खोलीत चाललंय आणि आपण बाहेरून बघतोय, असं काहीसं तिला वाटायचं.

रविवारी हॉल भरला. दारावरच्या फलकावर वडिलांच्या फोटोपेक्षा दादाचा फोटो मोठा होता, आणि वडील तो फलक बघायला तीनदा बाहेर येऊन गेले. आईला स्टेजवर खुर्ची ठेवली होती. आई म्हणाली, "मला कशाला, मी खालीच बरी." लोकांनी तिचं ऐकलं, ही त्यांची चूक. पुन्हा कुणी आग्रह करेना तशी आई पहिल्या रांगेत डोळ्याला पदर लावून बसली, आणि वडिलांचं भाषण चालू असताना निम्म्या बायका तिला पाणी देत होत्या. वडिलांचं भाषण सुरेख झालं, पण ते संपेना.

मग दादाने माईक घेतला. सेवेबद्दल बोलला. मग एकदम आवाज खाली आणून म्हणाला, "मित्रांनो, आज मी तुमच्यासमोर माझं दुःख मांडतोय. माझी स्वतःची बहीण!" आणि त्याने हात पुढे केला. कानवाली पायऱ्या चढून वर गेली. फोटो काढणारा पुढे सरकला. दादाने तिला जवळ घेतलं, तिच्या डाव्या कानावर हात ठेवला आणि त्या कानात वाकून काहीतरी म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो काय म्हणाला ते तिला कधीच कळलं नाही.

मोठे डॉक्टर बाजूच्या खोलीत टेबलापाशी बसले होते. त्यांनी टॉर्चने कान बघितला, दोन-चार प्रश्न विचारले आणि टॉर्च खाली ठेवला.

"सोमवारचं दुखणं? मग आजवर काय करत होतात?"

"तुमची वाट बघत होते."

"माझी?" डॉक्टर तिच्याकडे बघत राहिले. "तुमच्या भावाचा फोन आला तेव्हाच मी सांगितलं होतं की एक दिवसही थांबू नका, जवळच्या कुठल्याही दवाखान्यात लगेच पाठवा. स्पष्ट सांगितलं होतं. तुम्हाला निरोप मिळाला नाही?"

दारातून हॉल दिसत होता. दादा म्हाताऱ्यांना पाण्याच्या बाटल्या वाटत होता, प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवून. किती प्रेमाने वाटत होता! कानवालीने ते बघितलं आणि म्हणाली, "नाही मिळाला."

औषधं त्याच दिवशी सुरू झाली. नंतर कानाच्या पडद्यातून इंजेक्शनं देऊन झाली. काही उपयोग झाला नाही. डॉक्टरांनी शेवटच्या तपासणीनंतर सांगितलं की डावा कान आता असाच राहील. उजव्याला जपा, तिथे काहीही वाटलं तर धावत या. ती बरं म्हणाली आणि कामावर गेली.

त्या दिवशी तिने मॅडमना खरं काय ते सांगितलं. मॅडमनी आधी तिला फैलावर घेतलं. मग दुकानाचं दार आतून लावलं, दोघींसाठी चहा केला आणि समोर बसल्या.

"तुझे वडील कसे आहेत ते मला माहीत आहे," मॅडम म्हणाल्या. "सगळ्या गावाला माहीत आहे. अशा माणसाला नार्सिसिस्ट म्हणतात, स्वतःपलीकडे ज्याला कुणी दिसतच नाही. मी कानाची तज्ज्ञ आहे, डोक्याची नाही, तेव्हा रोग आहे की नुसता स्वभाव ते मी ठरवणार नाही. पण थोडं वाचलंय, आणि सासर मला असंच मिळालं होतं."

"बाबा तसेच आहेत. पण दादा..."

"दादा काय?"

"दादा तर दुसऱ्यांसाठी राबतो."

"राबतो ना. आणि तुझा कान जात असताना तुला त्याच दिवशी दवाखान्यात पोचवायचं सोडून रविवारी स्टेजवर चढवतो. त्याला भलं करायचं नसतं, भलं करणारा दिसायचं असतं. दोन्ही एकाच वेळी जमलं तर उत्तम. नाही जमलं तर काय होतं ते तू पाहिलंस."

कानवाली कपातल्या चहाकडे बघत राहिली. दादाबद्दलचं तिला पटत होतं. पटताना काही तुटत नव्हतं. सुन्नपणाचा एवढा एक फायदा.

"पण निदान आई तरी," ती म्हणाली.

मॅडमनी कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "तू आजारी आहेस असं सांगितल्यावर आईने तुला तुझ्याबद्दल किती विचारलं?"

कानवाली आठवू लागली. सोमवारचं आठवलं. मग मागचं. तापात फणफणली होती तेव्हाचं. हात भाजला होता तेव्हाचं. चष्मेवाल्याचं. प्रत्येक वेळी ती आईच्या दारात उभी राहिली होती, आणि प्रत्येक वेळी थोड्या वेळाने आईचे पाय चेपत बसली होती. बाबांना टाळ्या लागायच्या, दादाला आभार लागायचे. आईला हळहळ लागायची. एक उंच उभा राहून म्हणायचा माझ्याकडे बघा, एक वाकून पाणी देताना म्हणायचा आणि एक पडल्या पडल्या म्हणायची. म्हणणं एकच होतं. वडिलांचं ऐकू यायचं म्हणून कळलं. आईचं इतकं हळू होतं की इतकी वर्षं ते तिला आपल्याच मनातलं वाटलं.

"आईचं लक्षातच येत नाही," मॅडम म्हणाल्या. "आपण त्यांची कीव करत असतो ना."

"मग मीही तशीच असेन," कानवाली म्हणाली. "त्यांचीच मुलगी."

"तू?" मॅडम हसल्या. "तुला वेगळीच ऐट आहे. मला काही लागत नाही, मला कुणी विचारायला नको, ह्याची. तीही काही साधी नाही. पण ती तू सोडू शकतेस, कारण तुला लाज वाटते. त्या तिघांना लाज वाटताना पाहिलंस कधी?"

घरी फारसं काही बदललं नाही. वडिलांनी भाषणाचं रेकॉर्डिंग आणलं आणि तिला उजव्या बाजूला बसवून ऐकवलं. दादा म्हणाला, "पुढच्या शिबिरात तू दोन शब्द बोल, लोकांना धीर येईल." आई म्हणाली, "आता मी हाक मारली तर तुला ऐकूही जायची नाही. माझं नशीबच तसं." ती तिघांचंही ऐकत होती. राग यायला हवा होता, मॅडमनी तसं सांगितलंही होतं. तिने वाट पाहिली, तो आला नाही. ती भांडी घासायची, साचे घासायची, झोपायची.

नंतर एका सकाळी तिला जाग आली ती शांततेने. डावा कान बंद होताच, आता उजव्यातही कापूस कोंबल्यासारखं होतं. तिने नळ सोडला. पाणी पडताना दिसत होतं, आवाज कुठूनतरी लांबून येत होता. ती तशीच ओट्याला धरून उभी राहिली. उजवा गेला की काम गेलं, आवाज गेले, सगळंच गेलं. वळून पाहिलं तर वडील काहीतरी म्हणत होते, तोंड हलताना दिसलं, कपड्यांकडे बोट दाखवत होते. आतल्या खोलीत आईचा हात पलंगावरून खाली लोंबकळत होता, म्हणजे आज तिचं काहीतरी दुखत होतं. कानवाली सवयीने आईच्या दाराकडे निघाली. उंबऱ्यापर्यंत गेली. तोंड उघडलं.

मग तिने ते मिटलं, चपला घातल्या आणि बाहेर पडली. पिशवीही घेतली नाही. चौक ओलांडून दवाखान्याच्या रस्त्याला लागली. गाड्या येतात की नाही ते ऐकू येत नव्हतं, म्हणून प्रत्येक पावलाला मान वळवून बघत, जवळजवळ धावत गेली. दवाखान्यात ती इतकी मोठ्याने बोलली की बाकड्यावरची माणसं दचकली. "माझा दुसरा कान जातोय. मला आत्ता बघा."

डॉक्टरांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. मग हातात चिमटा घेतला, मग पिचकारीने कोमट पाणी सोडलं, आणि काहीतरी तपकिरी ताटलीत पडलं. एकदम पंखा ऐकू आला. खुर्चीची कुरकुर ऐकू आली. बाहेर कुणीतरी खोकत होतं तेही ऐकू आलं.

"मळ होता," डॉक्टर म्हणाले. "नुसता मळ. कान ठणठणीत आहे."

"एवढ्यासाठी तुम्हाला त्रास दिला."

"एवढ्यासाठीच यायचं असतं."

ती बाहेर येऊन पायरीवर बसली. दुसऱ्यांच्या कानातला मळ रोज काढणारी बाई, आपल्या कानाची तिला इतकी धास्ती बसली होती की तेवढं साधंही सुचलं नव्हतं. तिला हसू यायला हवं होतं. तेवढ्यात कमरेच्या खिशातला फोन थरथरला. आई होती.

"कुठे आहेस तू? न सांगता गेलीस? मी हाका मारून मारून दमले, माझा जीव नुसता वरखाली होतोय, तुझे बाबा ओरडताहेत, दादाला फोन केला..."

"दवाखान्यात आले होते, आई. उजव्या कानातूनही ऐकू येईना म्हणून."

पलीकडे क्षणभर कुणी बोललं नाही. तिने आयुष्यात कधी केलं नव्हतं ते त्या क्षणात केलं. ती थांबली. स्वतःहून पुढे काही सांगितलं नाही. मग म्हणाली, "विचार ना आई, कसा आहे कान."

"असं तोडून बोलतेस ना, तेव्हा माझ्या छातीत कसंतरीच होतं," आई म्हणाली. "आधी घरी ये तू. मला काही बरं वाटत नाहीये."

तिला स्पष्ट ऐकू आलं. एकेक शब्द. ती फोन कानाला धरून बसून राहिली आणि दुखायची वाट पाहू लागली. दुखलं नाही. दुखलं नाही ह्याचंच तिला थोडं वाईट वाटलं, आणि कितीतरी दिवसांत धास्तीखेरीज तिला वाटलेली ती पहिली गोष्ट होती.